दर फेब्रुवारीला गूगलवरून गायब होणारी आमची आंब्याची साइट

"अरे, परत गेली रे आपली साइट!"

मामांचा हा फोन साधारण फेब्रुवारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात यायचा. २०२१ला आला, २०२२ला आला, २०२३लाही आला. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पावसजवळ त्यांची हापूसची कलमं आहेत. २०१९मध्ये मी त्यांना एक साधी साइट करून दिली होती. वर्डप्रेस वगैरे काही नाही, हाताने लिहिलेली सात-आठ एचटीएमएल पानं, सीएसएसची एक फाइल आणि स्वस्तातलं शेअर्ड होस्टिंग. २०२०च्या टाळेबंदीत पुण्या-मुंबईचे लोक थेट बागायतदारांकडून पेट्या मागवायला लागले, आमचं पान एकमेकांना पाठवायला लागले, आणि त्या मे महिन्यात पावसचा हापूस शोधला की आम्ही पहिल्या पानावर दिसायचो. पुढच्या हंगामात कुठेच नाही. हळूहळू सरकत एप्रिलच्या अखेरीला वर यायचो, तोवर पहिली तोड, चांगला भाव, सगळं हातचं गेलेलं असायचं.

तीन वर्षं मी या दुखण्यावर भलतेच लेप लावत बसलो. पानाच्या डोक्यात कीवर्ड्सचा टॅग असतो, त्यात हापूस, हापुस, आंबा, आंबे, अल्फान्सो असे चाळीस शब्द कोंबले. गूगल क्रमवारीसाठी हा टॅग बघतच नाही, हे त्यांनी २००९मध्ये जाहीर केलेलं आहे. मला कळलं २०२२मध्ये. पानाच्या तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत गावांची नावं लिहून पाहिली. ही तर सरळ लबाडी, आणि गूगलच्या स्पॅमच्या नियमांत स्पष्ट मना केलेली. मध्येच एकदा "पहिल्या पानावर आणतो, गॅरंटी" म्हणणाऱ्या एका फोनवाल्याला मामांनी मला न विचारता पैसे दिले. त्याने काय केलं, तर कुठल्या कुठल्या परदेशी जुगाराच्या साइटींवरून आमच्याकडे लिंका लावल्या. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, असं गूगल स्वतः सांगतं. विकतच्या लिंकांवर तर २०१२च्या 'पेंग्विन' बदलापासून त्यांचा डोळाच आहे.

खरा दोष सापडला तो २०२३च्या दिवाळीत, तोही मीच केलेला. तो खाली सांगतो. पण त्याआधी तपासणीचा क्रम, कारण तुमच्या साइटचं दुखणं वेगळं असू शकतं.

आधी दुखणं कुठलं ते ठरवा

"साइट गूगलवर दिसत नाही" या एका तक्रारीत तीन निरनिराळी दुखणी दडलेली असतात. एक, पान गूगलच्या सूचीतच नाही. दोन, सूचीत आहे पण फार खाली आहे. तीन, पान जागच्या जागी आहे, पण ते शब्द शोधणारं सध्या कुणी नाही. तिन्हींची औषधं वेगळी आहेत. पहिल्या दुखण्यावर दुसऱ्याचं औषध द्यायला गेलात की माझ्यासारखी तीन वर्षं जातात.

झटपट बघायचं तर गूगलच्या शोधचौकटीत इंग्रजीत 'साइट', त्याला चिकटून कोलन आणि जागा न सोडता तुमचं डोमेन टाका. तुमची जी पानं गूगलला ठाऊक आहेत त्यातली बरीचशी दिसतील. हा आकडा अंदाजे असतो, त्यावर भांडू नका. पक्कं उत्तर सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनात मिळतं. फुकट आहे. साइट तुमचीच आहे हे पटवायला दोन सोपे मार्ग आहेत: त्यांनी दिलेली छोटी एचटीएमएल फाइल सर्व्हरवर चढवायची, किंवा डोमेनच्या डीएनएस सेटिंगमध्ये त्यांनी दिलेली टीएक्सटी नोंद टाकायची. मी आधी फाइलवाला मार्ग घेतला आणि पुढच्या वर्षी साफसफाई करताना "ही कुठली फालतू फाइल" म्हणून ती उडवली. मालकी गेली, आकडे बघणं बंद. डीएनएसची नोंद तशी हाताखाली येत नाही. शिवाय तिच्यामुळे डोमेनचे सगळे अवतार एकाच ठिकाणी दिसतात. तीच वापरा.

तिथे वरच्या पट्टीत आपल्या पानाचा पूर्ण पत्ता टाकला की यूआरएल इन्स्पेक्शन होतं. पान सूचीत आहे का, नसेल तर का नाही, गूगलचा बॉट, म्हणजे पानं वाचत फिरणारा प्रोग्राम, शेवटचा कधी येऊन गेला, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. 'रिक्वेस्ट इंडेक्सिंग'चं बटण एकदा दाबा. परत परत दाबून रांगेत पुढे जाता येत नाही. मी एका रात्रीत त्या दिवसाचा सगळा कोटा संपवून पाहिलेला आहे.

आणि स्वतःच्या फोनवर शोधून निष्कर्ष काढू नका. मामा पावसमध्ये ओटीवर बसून शोधायचे, त्यांना आपली साइट पहिली दिसायची आणि ते खूश. कोथरूडच्या गिऱ्हाइकाला ती दुसऱ्या पानावरही सापडायची नाही. तुम्ही कुठे आहात हे गूगल लक्षात घेतं, आणि रोज तीच साइट उघडत असाल तर तेही. इन्कॉग्निटो खिडकीत तुमचा इतिहास जातो, ठिकाण तसंच राहतं. त्यामुळे कन्सोलच्या 'परफॉर्मन्स' अहवालातले आकडे हाच खरा आरसा.

चोर पहिला: नोइंडेक्स

२०२१चा फोन यामुळे होता, आणि २०२३च्या फोनमध्येही याचा हात होता.

माझी पद्धत अशी: सर्व्हरवर एक चाचणीचा फोल्डर, त्यात नवीन पानं करून बघायची, जमली की वरच्या फोल्डरमध्ये कॉपी करायची. चाचणीची पानं लोकांना दिसू नयेत म्हणून त्यांच्या हेडमध्ये, म्हणजे पानाच्या कोडच्या न दिसणाऱ्या वरच्या भागात, रोबोट्सचा मेटा टॅग आणि त्यात नोइंडेक्स. दिवसभराच्या नोकरीनंतर रात्री बाराला फाइली कॉपी करताना तो टॅग काढायला मी विसरलो. पान डोळ्यांना अगदी व्यवस्थित दिसतं. फोन लागतात, फोटो उघडतात, सगळं ठीक. गूगलचा बॉट येतो, "मला घेऊ नका" वाचतो आणि निमूट पान वगळतो. सगळी पानं एका दिवशी जात नाहीत. बॉट जसजसा येतो तसतशी एकेक गळतात, त्यामुळे नेमकं काय बदललं तेही चटकन लक्षात येत नाही.

तपास सोपा आहे. ब्राउझरमध्ये पानाचा सोर्स उघडा, कंट्रोल-एफ करून नोइंडेक्स शोधा. कन्सोलच्या 'पेजेस' अहवालात 'एक्सक्लुडेड बाय नोइंडेक्स टॅग' अशी ओळ असेल तर तीवर टिचकी मारून यादी बघा.

यातून सुटायला मी जे केलं त्याने गुंता वाढला. टॅग नको, त्यापेक्षा रोबोट्स डॉट टीएक्सटीमध्येच चाचणीचा फोल्डर बंद करू म्हटलं. पण ती फाइल बॉटला एवढंच सांगते की आत येऊन वाचू नकोस. त्या पत्त्याची लिंक दुसरीकडे कुठे असेल तर गूगल न वाचताच नुसता पत्ता सूचीत घेऊ शकतं. मी मामांना व्हॉट्सॲपवर पाठवलेली चाचणीची लिंक त्यांनी उत्साहाने कुठेतरी चिकटवली, आणि शोधात आमचा चाचणीचा पत्ता 'या पानाची माहिती उपलब्ध नाही' अशा शेऱ्यासह झळकायला लागला. आता त्यावर नोइंडेक्स लावून उपयोग नाही, कारण बॉटला आत यायलाच बंदी, मग तो टॅग वाचणार कसा? दोन्ही कुलपं एकदम लावली की असं होतं. सूचीतून काढायचं असेल तर दार उघडं ठेवून आत नोइंडेक्सची पाटी लावावी लागते.

शेवटी होस्टिंगच्या सीपॅनेलमधून त्या फोल्डरला पासवर्ड लावला आणि दोन्ही भानगडी मिटवल्या. बॉटला पासवर्ड येत नाही, आणि मामांनी लिंक कुठेही टाकली तरी बिघडत नाही. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

चोर दुसरा आणि मोठा: सालाचं पान

नोइंडेक्स काढल्यावरही २०२२ला फोन आलाच. तेव्हा टॅग नव्हता, पान सूचीत होतं, तरी खाली.

विक्रीच्या पानाचं नाव मी पहिल्या वर्षी हापूस-२०१९ ठेवलं होतं. पुढच्या वर्षी हापूस-२०२०. दर वर्षी २६ जानेवारीच्या सुट्टीला मी बसायचो, जुनं पान काढून टाकायचो, नव्या भावाचं नवं पान नव्या नावाने चढवायचो आणि मुखपृष्ठावरची लिंक बदलायचो. मला ते फार नीटनेटकं वाटायचं. मागच्या वर्षीचे भाव साइटवर राहू नयेत, एवढाच साधा विचार.

२०२३च्या दिवाळीत पावसला गेलो होतो. सगळे दुपारचे झोपलेले असताना कन्सोल उघडला, आणि 'नॉट फाउंड (४०४)' या यादीवर पहिल्यांदा टिचकी मारली. त्यात एकाखाली एक: हापूस-२०१९, हापूस-२०२०, हापूस-२०२१, हापूस-२०२२. घरातल्या चार गेलेल्या माणसांचे फोटो भिंतीवर लावावेत तसे. मग 'लिंक्स'चा अहवाल उघडला. टाळेबंदीत एका वर्तमानपत्राने थेट विक्री करणाऱ्या बागायतदारांवर लेख लिहिला होता, त्यात आमची लिंक होती. ती जात होती हापूस-२०२०कडे. एका परदेशस्थ मराठी मंडळाच्या पानावर आमचा उल्लेख होता, तोही त्याच पत्त्यावर. म्हणजे २०२१पासून ज्या कुणी त्या लिंकांवर टिचकी मारली, तो रिकाम्या दारावर गेला. गूगलसुद्धा.

गूगलच्या दृष्टीने पान म्हणजे त्याचा पत्ता. दुसऱ्यांनी दिलेल्या लिंका, इतक्या दिवसांची ओळख, कुठल्या शब्दाला हे पान बरं याचा अंदाज, हे सगळं त्या पत्त्याच्या खात्यावर जमा होतं. मी दर जानेवारीत खातं बंद करून नवं उघडत होतो. नव्या पानाची ओळख व्हायला काही आठवडे जायचे, म्हणजे फेब्रुवारी, मार्च. आणि एप्रिलच्या अखेरीला ते वर यायला लागलं की हंगाम आटपायचा. तीन वर्षं ज्याला आम्ही गूगलची लहर म्हणत होतो ते घड्याळासारखं नेमकं होतं, फक्त किल्ली मी देत होतो.

उपाय दोन भागांत. पहिला, विक्रीचं एकच कायमचं पान, नावात साल नाही: नुसतं 'हापूस'. साल शीर्षकात आणि मजकुरात लिहायचं, पत्त्यात नाही. दुसरा, जुने सगळे पत्ते ३०१ रीडायरेक्टने, म्हणजे 'हे पान कायमचं तिकडे गेलं' असं सांगून, या नव्या पानाकडे वळवायचे. अपाचे सर्व्हर असेल तर मूळ फोल्डरमधल्या डॉट एचटीॲक्सेस फाइलमध्ये प्रत्येक जुन्या पानासाठी एक ओळ: रीडायरेक्ट, ३०१, जुन्या पानाचा मार्ग, नव्या पानाचा पूर्ण पत्ता, मध्ये एकेक जागा. हात घालण्यापूर्वी त्या फाइलची प्रत लॅपटॉपवर काढून ठेवा. एक अक्षर चुकलं तरी सगळी साइट '५००' क्रमांकाची त्रुटी दाखवून बंद पडते. रात्री दीडला माझी पडली होती.

इथेही मी एकदा घसरलो. आधी आळसाने सगळे जुने पत्ते मुखपृष्ठाकडे वळवले. हापूसच्या भावाचं पान मागणाऱ्याला मुखपृष्ठ दाखवलं तर गूगल त्याला 'सॉफ्ट ४०४' समजू शकतं, म्हणजे पान नाहीच असं धरतं. जुनं ज्या विषयाचं, नवं त्याच विषयाचं हवं. आणि २०१९चं २०२०कडे, २०२०चं २०२१कडे अशी आगगाडी लावू नका. बॉट दहा टप्प्यांपर्यंत पाठलाग करतो म्हणे, पण त्याला कशाला पळवायचं? प्रत्येक जुना पत्ता थेट शेवटच्या पत्त्यावर न्या. हे रीडायरेक्ट किमान वर्षभर ठेवा असं गूगल सांगतं. मी तर कायमच ठेवलेत, त्याला खर्च काही नाही.

वर्तमानपत्राला लिंक बदलून द्या अशी ईमेल केली होती. उत्तर आलं नाही, येण्याची अपेक्षाही नव्हती. रीडायरेक्टमुळे गरजही उरली नाही.

किरकोळ, पण नडणारं

डोमेन एकच असलं तरी पत्ते चार होतात: एचटीटीपी आणि एचटीटीपीएस, त्या प्रत्येकात डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसकट आणि त्याशिवाय. चारही उघडत असतील आणि एकमेकांकडे वळत नसतील तर गूगलला एकाच मजकुराच्या चार प्रती दिसतात आणि मुख्य कुठली ते तो स्वतः ठरवतो. तुम्ही एक ठरवा, तीन तिकडे वळवा, आणि प्रत्येक पानाच्या हेडमध्ये मुख्य पत्ता सांगणारी कॅनॉनिकल लिंकही तीच द्या. पाच मिनिटांचं काम आहे.

विंडोजच्या लॅपटॉपवर मोठ्या-लहान इंग्रजी अक्षरांचा फरक पडत नाही, लिनक्स सर्व्हरवर पडतो. घरी सगळ्या लिंका चालतात, सर्व्हरवर निम्म्या ४०४. फाइलींची नावं कायम लहान अक्षरांत ठेवली की प्रश्न सुटतो.

पत्ता देवनागरीत ठेवावा का, असं बरेच जण विचारतात. ठेवला तरी गूगलला चालतो. पण कॉपी करून कुठे चिकटवला की एकेका देवनागरी चिन्हाची नऊ-नऊ इंग्रजी चिन्हं होतात. 'हापूस' या शब्दात काना आणि ऊकार धरून पाच चिन्हं आहेत, त्यांची पंचेचाळीस होतात. व्हॉट्सॲपवर अशी लिंक आली की मामांच्या वयाचे लोक तिला व्हायरस समजतात. म्हणून पत्ता रोमन आणि मजकूर मराठी.

साइटमॅपमध्ये, म्हणजे गूगलसाठी ठेवलेल्या पानांच्या यादीत, प्रायॉरिटी आणि चेंजफ्रीक्वेन्सी असे दोन रकाने असतात, ते गूगल दुर्लक्षित करतं. 'लास्टमॉड'ची, म्हणजे शेवटच्या बदलाची, तारीख वापरतं, ती खरी असेल तर. मी एक छोटी स्क्रिप्ट लिहून सगळ्या पानांची तारीख रोज आजची करत होतो. कुणाला फसवत होतो कोण जाणे.

मजकूर: गूगलला काय वाचता येतं?

पत्ते जागेवर आल्यावर पान वर सरकलं, पण एका मर्यादेपर्यंत. पुढचं अडलं होतं मजकुरावर.

आमचे भाव म्हणजे एक पोस्टर होतं. मामांच्या मुलीने केलेलं, पिवळं, मोठा आंबा, त्यावर पाच डझनी पेटी, सहा डझनी पेटी, भाव, फोन. व्हॉट्सॲपवर फिरवायला झकास. तेच जेपीजी मी पानावर लावलं होतं. म्हणजे पानावरची सगळ्यात महत्त्वाची माहिती चित्रात, आणि अक्षरांत काय, तर "रत्नागिरीचा अस्सल हापूस, नैसर्गिकरीत्या पिकवलेला, थेट बागेतून तुमच्या दारात". हे वाक्य आंबा विकणाऱ्या कुठल्याही दहा साइटी उघडा, त्यातल्या आठांवर सापडेल. भावाचा तक्ता साध्या टेबलमध्ये अक्षरांत लिहिला: फळाचं वजन, पेटीत किती डझन, भाव, कुठल्या शहरात किती दिवसांत पोचते. पोस्टर ठेवलं, पण खाली.

दुसरी गंमत जुन्या फॉन्टची. मामांनी अढी कशी घालतात यावर दोन पानं फार सुरेख लिहिलेली होती, काही वर्षांपूर्वीच्या एका स्मरणिकेसाठी, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. मी तो मजकूर तसाच चिकटवला आणि तोच फॉन्ट साइटला जोडला. डोळ्यांना शुद्ध मराठी. गूगलला मात्र रोमन अक्षरांची आणि चिन्हांची भेळ, कारण त्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरंच असतात, वर फक्त मराठी मुखवटा. ओळखायची खूण: पानावरचं वाक्य कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी आलं तर ठीक, कचरा आला तर ते पान शोधात मराठी म्हणून येणार नाही. रूपांतर करणारी साधनं मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार हाताने तपासावे लागतात. मला दोन रविवार लागले.

ते पान आता साइटवरचं सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पान आहे. भाताच्या पेंढ्यात फळं कशी लावतात, आठ-दहा दिवसांत ती कशी तयार होतात, मध्ये कधी उलटायची, वास कधी सुटतो. त्याच्या जोडीला मामांनी सांगितलं आणि मी लिहिलं असं 'साका' या विषयावरचं पान. फळ वरून पिवळंधमक, कापलं की आत पांढरट, स्पंजासारखा भाग. गिऱ्हाईक चिडून फोन करतं ते याच्यासाठी, आणि फोन करण्याआधी बहुतेक वेळा गूगल करतं. तसंच 'खरा हापूस कसा ओळखायचा'. २०१८मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. हे आम्ही लिहिलंच, पण देठाशी काय बघायचं, हाताला साल कशी लागते, हे मामांचं पन्नास वर्षांचं ज्ञान दुसऱ्या साइटवर नाही.

शीर्षकांचं एका ओळीत सांगतो: आमच्या आठही पानांचा टायटल टॅग 'मुख्यपृष्ठ' होता, कारण मी पहिलं पान कॉपी करून बाकीची केली होती. प्रत्येक पानाला स्वतःचं शीर्षक द्या.

लोक शोधतात मात्र अनेक तऱ्हांनी. कन्सोलमध्ये 'क्वेरीज' उघडल्यावर दिसलं की निम्म्याहून जास्त लोक मराठीच शब्द रोमन लिपीत टाइप करतात, काही अल्फान्सो म्हणतात, काही 'हापुस' ऱ्हस्व लिहितात. पण तेवढ्यासाठी ऱ्हस्व-दीर्घाचे सगळे अवतार पानात पेरू नका, तेवढी समज गूगलला आहे. आम्ही इंग्रजी पान वेगळं केलं, आणि मराठी-इंग्रजी दोघांच्या हेडमध्ये एकमेकांकडे बोट दाखवणारे एचरेफलँग टॅग लावले. दोन्हींकडून लावावे लागतात, एकाच पानावर लावले तर धरले जात नाहीत. एकाच पानात वरती मराठी, खाली इंग्रजी अशी दुपदरी मांडणी मी मोडली.

फोटो. फोनमधून काढलेले, प्रत्येकी चार-पाच एमबीचे, बारा. गूगल साइट पारखतं ती मोबाइलवरच्या रूपाने; ही पद्धत आणतो असं त्यांनी २०१६मध्ये सांगितलं आणि २०२३मध्ये ते काम पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. पानातला मोठा भाग अडीच सेकंदांत दिसावा असा त्यांचा निकष आहे. फोटो रुंदीला बाराशे पिक्सेलवर आणून वेबपी या हलक्या प्रकारात बदलले, काम झालं. वेगापायी रात्री जागवू नका. मजकूर नसलेलं वेगवान पान वर येत नाही.

आकडे वाचताना

२०२४च्या जुलैत मामांचा पुन्हा फोन. "काय रे, परत खाली गेलो की! मेमध्ये एवढे लोक येत होते, आता चारच."

हे तिसरं दुखणं, आणि ते दुखणंच नाही. जुलैत हापूस कोण शोधतो? 'इम्प्रेशन्स', म्हणजे शोधात दिसण्याच्या खेपा, घटल्या होत्या, सरासरी क्रमांक जागच्या जागी होता. पान खाली गेलं असतं तर क्रमांकाचा आकडा वाढला असता. हंगामी धंद्यात मे आणि जुलै शेजारी ठेवून काही कळत नाही, या एप्रिलशेजारी मागचा एप्रिल ठेवावा लागतो. कन्सोल १६ महिन्यांचेच आकडे ठेवतो, म्हणजे मागचा हंगाम जेमतेम बसतो. जूनच्या शेवटी आकडे डाउनलोड करून एका शीटमध्ये ठेवा, नाहीतर दोन वर्षांमागचं काही हाती राहत नाही.

सरासरी क्रमांकावरही फार विसंबू नका. साक्याच्या पानामुळे आम्ही नव्या नव्या शोधांत विसाव्या, तिसाव्या क्रमांकावर दिसायला लागलो आणि एकूण सरासरी बिघडली, तेव्हा पेट्यांची मागणी मात्र वाढत होती. प्रत्येक शब्दाचा क्रमांक वेगळा काढून बघा.

नकाशावरच्या नोंदीचं थोडं. गूगल बिझनेस प्रोफाइल फुकट आहे, जरूर करा. पण तिथला क्रम तीन गोष्टींवर ठरतो, शोधाशी जुळणी, अंतर आणि नावलौकिक. पावसची बाग पुण्यातल्या माणसाला नकाशात वर दिसेल अशी आशा धरू नका. आमच्याकडे त्या नोंदीतून येतात ते गणपतीपुळे-पावस फिरायला आलेले पर्यटक, पेटी गाडीत टाकून नेणारे. तेही गिऱ्हाईकच.

आता वर्षाचा क्रम असा बसलाय. डिसेंबरमध्ये मोहोर धरला की मी तेच 'हापूस' पान उघडतो, शीर्षकातलं साल बदलतो, "यंदा मोहोर कसा आहे" यावर मामांकडून चार ओळी घेतो. भाव ठरले नसले तरी पान तयार असतं. पाडव्याला भाव भरतो. फेब्रुवारीचा फोन २०२४ला आला नाही. २०२५ला आला, पण तो मोहोरावरच्या तुडतुड्या किडीबद्दल होता.

आणि शेवटची पेटी गेल्यावर, साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात, मामा न चुकता विचारतात, "आता ते पान काढून टाकतोस ना? लोक उगाच फोन करतात." पान काढत नाही. भावाच्या तक्त्याच्या जागी एक ओळ टाकतो: यंदाचा आंबा संपला, पुढच्या हंगामासाठी नाव नोंदवायचं असेल तर हा नंबर. मागच्या जूनमध्ये त्या ओळीखाली मामांनी स्वतःहून फणसाचे गरे आणि आंबापोळीचे भाव लिहून पाठवले. तेही चढवलेत, त्याच पत्त्यावर.